पाठमोरा बाप

जुन्या इंग्रजी नाटकावरचा चित्रपट टीव्हीवर लागला होता. मराठी प्रयोगांत त्यातल्या बापाचं काम केलेले मामा शेजारी बसले होते. मुलगा युद्धात मेल्याचं पत्र वाचताना ते प्रेक्षकांकडे पाठ करून उभे राहत. इथे कॅमेरा वळसा घालून थेट डोळ्यांत शिरला. कमी पडायला नको म्हणून व्हायोलिनंही धावून आली.

“अरे, त्या बापाला जरा एकटं सोडा की!” मामा पुटपुटले.

“तुमचा चेहरा तेव्हा कसा असायचा?”

“कुणी बघितलाय? मीसुद्धा नाही.”

दुःख नीट दिसलं की समजलं, असं आपण धरूनच चालतो. मामी गेली त्या दिवशीही मामा आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे होते. धीर द्यायला म्हणून मीच वळसा घालून त्यांच्यासमोर गेलो होतो.