दोन्ही कॅमेऱ्यांना चालणारा फ्लॅश

आमच्यात घरातलं माणूस गेलं की ठरलेलं लग्न एक तर वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. धाकटी पोरगी आमचं शेंडेफळ, उशिरा झालेली. तिचं जमलं आणि तिची आई गेली. तीन वर्षं पोरीला कोण थांबवणार? म्हणून आईचं वर्षश्राद्ध व्हायच्या आधीच बस्ता बांधला. एका भिंतीला हार घातलेला फोटो आणि त्याच्याच खाली शालूच्या पिशव्या. मला ते बघवत नव्हतं.

त्यात कन्यादान जोडीनं करायचं असतं. माझी जोडी मोडलेली. भटजी म्हणाले, बायकोच्या जागी सुपारी ठेवता येते. मी सरळ सांगितलं, "तिच्या जागी सुपारी ठिवायची न्हाई." तेव्हा माझ्या थोरल्या भावानं आणि वहिनीनं बसायचं ठरलं. बरोबरच होतं ते. पण मग पोरीच्या लग्नात बापानं करायचं काय? पंगतीत बुंदी वाढत फिरायचं?

हे पोरीनं ओळखलं. म्हणाली, "आबा, फोटो तुमी काढा."

मलकापुरात माझा स्टुडिओ होता. शाळा चौथीपर्यंत, पण रोलच्या कॅमेऱ्यावर हात बसलेला. लग्नाचं काम मात्र मी एकट्यानं कधी केलं नाही. कॅमेरा माझ्याकडं आणि फ्लॅश बायकोच्या हातात. लांब वायर लावून ती बाजूला उभी राहायची. बुटकी होती, म्हणून पाटावर, खुर्चीवर, एकदा तर उसाच्या ट्रॉलीवर चढलेली. उजेड बाजूनं पडला तर नाक नाकासारखं दिसतं, समोरनं पडला तर तोंड भाकरीसारखं सपाट येतं, हे तिनं मला शिकवलं. बायका विचारायच्या, "आवं वहिनी, तुमी कवा येणार फोटूत?" ती म्हणायची, "मी फोटूत आले तर तुमी समद्या काळ्याढुस्स याल."

पोरीचं म्हणणं, विधी तुमच्या रोलवर काढा, आणि बाकीचं माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर, म्हणजे सासरच्यांना लगेच मोबाइलवर पाठवता येईल. फ्लॅश मात्र दोन्हीला चालणारा एकच हवा. ती सांगलीला नोकरीला. माझा कॅमेरा आणि आमचा जुना फ्लॅश पिशवीत घालून मी एसटीनं गेलो. तिनं तिचा कॅमेरा घेतला आणि विश्रामबागेतल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात आम्ही दोघं शिरलो.

दुकानदारानं जुना फ्लॅश चालू करून त्याच्या पायाला मीटर लावला आणि मान हलवली. "आजोबा, हा ताईंच्या कॅमेऱ्यावर चढवू नका. ह्याच्या पायातनं दोनशेच्या वर व्होल्ट येतात. तुमचा रोलचा सोसतो. डिजिटलच्या आतलं जळून जाईल."

मग त्यानं एक मोठा, भारीतला काढला. "हा सगळं आपोआप करतो."

"माझ्या रोलच्या कॅमेऱ्यावर?"

"त्याच्याशी ह्याचं बोलणं होत नाही. ह्याच कंपनीच्या डिजिटलशीच होतं."

"मग ऱ्हाऊ द्या. घरात न बोलणारं एक हाय, त्येवढं बास."

"ते म्हंजे तुमीच की, आबा," पोरगी म्हणाली.

तिसरा दाखवला तो साधा होता. पायात व्होल्ट कमी. उजेड मोजायचा डोळा फ्लॅशच्या स्वतःच्या अंगात. समोरच्या माणसावर पडून माघारी आलेला उजेड तो डोळा बघतो, आणि पुरे झालं की फ्लॅश आपला आपण थांबतो. कॅमेरा नवा का जुना, त्याला देणंघेणं नाही. फ्लॅशवर ॲपर्चरचा, म्हणजे भिंग किती उघडायचं त्याचा, जो आकडा लिहिलाय तोच कॅमेऱ्यावर ठेवायचा, झालं. मी माझ्या कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून, भिंतीकडं धरून बटन दाबलं. आतनं आख्खी चौकट उजळलेली दिसली, म्हणजे फ्लॅश वेळेवर पेटत होता. पोरीच्या कॅमेऱ्यावरही चालला.

"वायर लावाया भोक हाय का?" मी विचारलं.

"आहे. पण वायर कशाला? कॅमेऱ्यावरच बसवा. बाजूला माणूस लागत नाही."

"माणूस न्हाईच," मी म्हणालो.

दुकानदार खोकं शोधायला लागला. पोरगी हळूच म्हणाली, "माझी मैत्रीण धरंल की." मी नको म्हणालो. त्या जागी दुसरं कुणी उभं राहिलेलं मला चाललं नसतं. जुना फ्लॅश इथंच ठेवून जा, सुट्या भागांना होईल, असं दुकानदार म्हणाला. मी तो उचलून परत पिशवीत घातला.

लग्न तासगावला होतं, नवऱ्या मुलाच्या गावात. कार्यालय पत्र्याचं, छत लय उंच, वर मारलेला उजेड माघारी येईना. फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवून समोरनंच मारत होतो. कन्यादानाची वेळ झाली. भाऊ आणि वहिनी पाटावर बसले. वहिनीनं पाण्याची झारी उचलली, भावानं ओंजळ धरली, जावयानं खाली ओंजळ केली. नेमका आदल्या क्षणी मी पाहुण्यांचा फोटो मारलेला आणि फ्लॅश रिकामा. तो भरला की मागं बारका तांबडा दिवा लागतो, तोवर थांबावं लागतं. थांबा म्हणायची माझी छाती होईना. विधी भावाचा होता.

पोरीनं हात मांडीवरच ठेवले.

"हात फुडं कर की, पोरी," भाऊ म्हणाला.

"आबांचा दिवा लागू द्या."

"कसला दिवा?" भटजींनी विचारलं.

"फ्लॅशचा."

"एका फोटूपायी कन्यादान आडवतीस व्हय गं?" भाऊ चिडला.

"व्हय."

सगळं कार्यालय माझ्याकडं बघायला लागलं. वहिनी झारी तशीच धरून बसली. मग दिवा लागला. मी म्हणालो, "लागला." तेव्हा पोरीनं ओंजळ पुढं केली, आणि पाणी पडायला लागल्यावर मी बटन दाबलं.

रोल धुऊन आला. धार स्वच्छ आलीय. तोंडं सपाट आलीत, पण हात सगळे दिसतात. माहेराला आली तेव्हा पोरीनं विचारलं, "कसा आलाय, आबा?" मी चांगला आलाय म्हणालो. तिची आई असती तर त्यात वरचे हात माझे असते आणि फोटो कुणीतरी दुसऱ्यानं काढला असता. तो कितीही वाईट आला असता तरी मला चाललं असतं.