निर्जळी गुरुवार

एचआयव्ही असल्याचं कळून दोन वर्षं झाली होती. गोळ्या चालू होत्या, तब्येत ठणठणीत होती, पण मन काही ठिकाणावर नव्हतं. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या कंपनीत कुणी दोघं कुजबुजले, की वाटायचं, माझंच बोलतायत. निपाणीहून आईचा फोन आला तरी "बरं आहे" एवढं सांगून ठेवून द्यायचो. झोप उडाली. शेवटी दत्तगुरूंना साकडं घातलं, ही धास्ती घालवा, अकरा गुरुवार निर्जळी करीन. आमच्या घरात निर्जळी म्हणजे शुक्रवारी सकाळपर्यंत तीर्थाखेरीज घोटभर पाणीही नाही. मग रोजची गोळी कशी घ्यायची? तर गुरुवारची मी सोडूनच दिली. ज्याच्यासाठी उपास करतोय तो सांभाळून घेईल, असं माझं अतिशहाणपण. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

चौथ्या गुरुवारी संध्याकाळी दत्ताच्या देवळात, आरतीनंतर तीर्थाच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडून रक्तदाबाची गोळी काढली, तोंडात टाकली आणि वर तीर्थ प्यायल्या. न राहवून मी विचारलं, आज उपास नाही का? आजी बेळगावच्या निघाल्या.

"निर्जळीच हाय की. गोळीनं कुठं उपास मोडतंय वो अण्णा? देवानंच दिल्यालं औषध, त्याच्यासमोर घ्यायला लाज कसली?"

त्यांना माझं काहीच ठाऊक नव्हतं. माझे मात्र डोळे भरून आले. तडक खोलीवर गेलो आणि पेलाभर पाण्याबरोबर गोळी घेतली. उपास मोडला म्हणायचं तर म्हणा.

दुसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगून टाकलं, चुकवलेल्या गोळ्या, झोप, धास्ती, सगळंच. आधी त्यांनी चांगलं फैलावर घेतलं, मग शांतपणे ऐकून घेतलं. शनिवारी माझ्यासारख्यांची बैठक भरते, तिथे मला धाडलं. तिथे आम्ही इतके हसतो की शेजारचे लोक डोकावून जातात. धास्ती अजूनही अधूनमधून येते. आली की त्यांच्यातल्या कुणाला तरी फोन लावतो.

उरलेले सात गुरुवार गोळी न चुकवता पार पडले. शरण जायचं म्हणजे सगळं सोडून द्यायचं, असं मी समजत होतो. देव ज्या माणसांच्या हातून मदत पाठवतो, त्यांना नाही म्हणायचं नाही, एवढंच आता कळतं.

गेल्या रविवारी धीर करून आईला फोन केला आणि खरं सांगितलं. ती बराच वेळ रडली. मग नाक पुसत तिने विचारलं, "आजची गोळी घेतलीस का रे?"