अण्णांची एसटी, पोखर्णीमार्गे

अण्णांच्या घरी टीव्ही बघायला गेलं की आधी नीट बसावं लागायचं. दारात उभं राहिलेलं त्यांना खपायचं नाही. "पुढं सरका, मधी लय जागा हाय," म्हणत ते एकेकाला सतरंजीवर बसवायचे. मग खिशातून जुना तिकीट-पंच काढून लोखंडी टेबलावर दोनदा वाजवायचे. टण्टण्. डबल बेल झाल्याशिवाय चित्र सुरू होत नसे.

बळीराम अण्णा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरात कारभार कंडक्टरचाच. सोनपेठच्या शाळेत माझी नेमणूक झाली आणि मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला आलो. पहिल्याच दिवशी चहा देताना म्हणाले, "सर, सुट्टे ठेवत जा." चहाला कशाला सुट्टे, ते मला आजवर कळलेलं नाही.

त्यांच्या पुण्याच्या मुलाने एक जुना लॅपटॉप घरी आणून टाकला होता. स्क्रीन फुटलेली, बॅटरी मेलेली. भंगारात द्यायला अण्णा तयार नव्हते. "इंजन चालू हाय ना? मग बॉडी बदलू." एका रविवारी आम्ही दोघांनी स्क्रीन काढून टाकली, वायर टीव्हीला जोडली आणि आत एक फुकटचं सॉफ्टवेअर घातलं. अण्णांच्या मोबाइलवरचे व्हिडिओ वायफायवरून त्यात जायचे आणि टीव्हीवर दिसायचे. अण्णांनी त्याचं नाव ठेवलं डबा.

गल्लीला वाटलं, आता रोज सिनेमा. अण्णांनी डब्यात भरली एसटी! परभणीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून त्यांनी अख्खा रस्ता मोबाइलवर घेतला होता, प्रत्येक थांब्याचं नाव स्वतः खणखणीत पुकारत. हा सगळा खटाटोप त्यांच्या पत्नी सुमनकाकूंसाठी होता. काकूंचं माहेर पोखर्णी, याच रस्त्यावरचं. गुडघे गेल्यापासून त्यांना उंबरठासुद्धा जड झाला होता आणि थकलेला भाऊ इकडे येऊ शकत नव्हता. अण्णा माझ्या कानात म्हणाले, "पोखर्णीच्या थांब्यावर मेव्हण्याला उभं केलंय. आधी फोन करून ठिवला व्हता. तिला सांगू नका."

पहिल्या संध्याकाळी गंगाखेड मागे पडलं, काकूंनी पदर सावरला, आणि पोखर्णीच्या अलीकडे टीव्ही काळा झाला. दुसऱ्या दिवशी तेच. मी हवी नको ती सगळी सेटिंग्ज बदलली. तिसऱ्या दिवशीही गाडी तिथेच बंद. अण्णांचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, "सरळ पोखर्णीपासूनच लावू." ते उसळलेच. "मधले स्टॉप गाळायचे? आन् तिथं उभी असलेली मानसं?" गाडी पुन्हा सोनपेठहून सुटली. शेजारच्या बायका आता भाजी निवडायला सोबतच आणू लागल्या. "आज तरी पोखर्णी लागंल का?" असं विचारत बसायच्या.

एकदा गाडी बंद पडताच मी टीव्हीमागे हात घातला. हाताला लोकरीचं कव्हर लागलं, तव्यावरून उतरलेल्या भाकरीइतकं गरम. काकूंनीच विणलेलं, डब्याच्या मापाचं. मिक्सरला होतं, फ्रिजला होतं, मग यालाच का नको? मी दुरुस्तीला बसलो की त्या काढून ठेवायच्या आणि बेलच्या आधी मायेने पुन्हा घालायच्या.

"धूळ बसती की, सर! माझ्या माहेरची गाडी हाय, उघडी कशी ठेवू?"

अण्णांनी कपाळावर हात मारला. "नाक दाबून गाडीला म्हनते पळ!"

दुसऱ्या दिवशी कव्हराविना गाडी सुटली आणि पोखर्णी आली. काकूंनी बसल्या जागी पोखर्णीच्या नरसिंहाला हात जोडले. थांब्यावर काकूंचे भाऊ नारायणदादा उभे होते. पांढरंशुभ्र धोतर, नवी टोपी. फोटो काढताहेत असं समजून ते अगदी ताठ झाले होते. टण्! अण्णांनी एक बेल देऊन चित्र थांबवलं, पण दादा आधीच इतके थांबलेले की कुणाला फरक कळला नाही. चित्र परत सुरू केलं तरी ते ढिम्म.

"दादा हलत का न्हाई वो?" काकू घाबरल्या.

तेवढ्यात दादांनी ओठांच्या कोपऱ्यातून विचारलं, "दाजी, निघाला का फोटू?"

सगळी खोली हसून लोटपोट झाली. काकू हसता हसता रडू लागल्या. "थांबवा. गाडी सुटू देऊ नका."

"टाइमटेबल गेलं चुलीत," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा एक बेल दिली. जेवणं होईपर्यंत गाडी पोखर्णीलाच उभी होती. मला त्या दोघांचा हेवा वाटला.

पुढे माझी मानवतला बदली झाली. निरोपाच्या दिवशी अण्णा स्टँडवर मोबाइल उंचावून उभे राहिले. "सर, हात हलवा. मेव्हण्यासारखं करू नका." मी खिडकीतून हात हलवला.

मध्यंतरी काकूंचा फोन आला. "सर, तुमची गाडी बघतो आमी रोज. पर हे सुटूच देईनात. तुमी खिडकीत बसलात की एक बेल मारतेत."

मागून अण्णांचा आवाज आला, "जातील की उद्या. घाई काय हाय?"

मानवतला माझं बरं चाललं आहे. शाळा चांगली, खोलीला ऊन येतं. पण सोनपेठच्या स्टँडवर, खिडकीपाशी, मी अजून बसलेलो आहे. डबल बेल झालेली नाही.