वस्तादांनी निवडलेली मशीन

वस्तादांच्या हातात कुणी पाकीट दिलं, की ते आधी उलटं करत. पाकीट कुणाचं, कुठून आलं, आत काय आहे, याची त्यांना घाई नसे. मागच्या बाजूला कागदाच्या घड्या जिथे चिकटवलेल्या असतात, त्या जोडावरून ते अंगठ्याचं नख फिरवत आणि मगच पाकीट सरळ करत. त्यांच्या धाकट्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचं पत्र प्रेसच्या पत्त्यावर आलं होतं. तेव्हाही त्यांनी आधी जोड पाहिला. "गोंद कमी लावला बेट्यानं," असं म्हणाले आणि पत्र वाचायला माझ्याकडे दिलं. चष्मा घरी राहिला होता.

भंडाऱ्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमची प्रेस होती. आमची म्हणजे सेठची. मी तिथे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायला होते. पुढच्या खोलीत मी आणि सेठचं टेबल, मागच्या खोलीत एकरंगी ऑफसेट मशीन आणि वस्ताद. मध्ये प्लायवूडची भिंत. कागद कापणारा एकजण बाहेर पडवीत असे. प्रेसमध्ये सगळे त्यांना वस्ताद म्हणत, मी काकाजी म्हणायची. ते वरठीहून सायकलनं येत आणि कुलूप उघडायच्या आधी पोचत. मी शहापूरहून बसनं यायची आणि बहुतेक वेळा उशिरा पोचायची. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत.

मी कामाला लागले ते गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी. तिकडच्या शाळा, भातगिरण्या, सोसायट्या यांच्याकडे 'जि. भंडारा' छापलेली पाकिटं गठ्ठ्यांनी पडून होती. फेकायची कुणाची तयारी नव्हती. ती सगळी आमच्याकडे आली. 'भंडारा'वर काळी पट्टी आणि शेजारी 'गोंदिया', एवढंच छापायचं. ऐकायला सोपं, पण तयार पाकीट मशीनमध्ये घालणं हे कोऱ्या कागदासारखं काम नाही. जिथे जोड असतो तिथे जाडी वाढते, तिथे दाब जास्त बसतो, आणि छपाईचं रबर हळूहळू दबत जातं. वस्ताद प्रत्येक गठ्ठ्यासाठी रबराखाली पातळ कागदाचे तुकडे लावत आणि काढत. "कागदाले दोन अंग असतात, पोरी. पाकिटाले चार," ते म्हणायचे. दोन महिने ते काम चाललं. शेवटचा गठ्ठा बांधताना त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "अर्ध्या जिल्ह्याचा पत्ता आपण बदलून देला." त्यात अभिमान होता की नुसती नोंद, ते कळलं नाही. पट्टी मात्र एकाही पाकिटावर तिरपी गेली नव्हती.

दुसरी एक गोष्ट सांगते. लग्नाच्या पाकिटावर कोपऱ्यात गणपती घ्यायचा की बुद्ध, हे आमच्याकडे पार्टीला विचारूनच ठरायचं. एकदा घाईत मी आडनाव पाहिलं आणि गणपती लावून दिला. वस्तादांनी पहिलं पाकीट निघाल्यावर मशीन थांबवली, खालचा मजकूर वाचला आणि प्लेट हातात घेऊन माझ्याकडे आले.

"मंगल परिणय लिवलं हाये ना? मग गणपती काहून?"

माझ्या लक्षात आलं. 'मंगल परिणय' बौद्ध लग्नाच्या पाकिटावर लिहितात. ते आडनाव दोन्हीकडे असतं.

"आडनावावरून देव ठरवू नको, पोरी," ते म्हणाले आणि दुसरी प्लेट होईपर्यंत मशीन धूत बसले. मी स्वतः बौद्ध घरातली. सेठला त्यांनी काही सांगितलं नाही. प्लेट खराब निघाली एवढंच म्हणाले.

पुढे गोंदियाकडचं काम गोंदियातच होऊ लागलं. इकडची कामंही बदलली. पूर्वी एखादी पतसंस्था पाच हजार पाकिटं एका रंगात मागायची. आता लोक दोनशेच मागू लागले, तीही चार रंगांत, वर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो, आणि संध्याकाळपर्यंत. एकरंगी मशीनवर चार रंग म्हणजे चार प्लेटा, चार वेळा धुणं, चार वेळा पाकीट घालणं. चौथ्या रंगाला निम्मी पाकिटं जोडावर सुरकुतलेली असत. गिऱ्हाइकं नागपूरला जाऊ लागली. मला मजकूर जुळवून उरलेला वेळ मोजायला लागायचा इतपत काम कमी झालं, तेव्हा सेठनं ठरवलं की ऑफसेट काढायची आणि पाकिटं छापणारी डिजिटल मशीन घ्यायची.

"निवडाले वस्तादले घेऊन जाऊ," सेठ मला म्हणाले. "पाकिटातलं त्याइच्याएवढं कोणाले समजते?"

वस्तादांना त्यांनी तसंच सांगितलं. वस्ताद "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते कापडी पिशवी घेऊन आले. तिच्यात आमच्याकडे छापली जाणारी प्रत्येक जातीची पाच-पाच पाकिटं होती: खाकी, पांढरी, लग्नाची जाड, खिडकीची, आणि सरकारी कार्यालयात चालतात ती आतून कापड लावलेली.

नागपूरला पहिल्या दुकानात सेल्समन उत्साही होता. त्यानं स्वतःजवळची गुळगुळीत पाकिटं घातली आणि भराभर रंगीत छापून दाखवली. सेठचा चेहरा खुलला. वस्तादांनी पिशवी उघडली.

"आता हे टाका."

सेल्समन म्हणाला, "काका, ये लेटेस्ट मशीन है. आमचीच पाकिटं वापरा, काही टेन्शन नाही."

"पार्टी तुमच्या दुकानातून पाकीट आणन का?"

त्यानं नाइलाजानं घातली. मशीन शाई उष्णतेनं बसवणारी होती. खिडकीच्या पाकिटाचं प्लास्टिक आकसलं. लग्नाची पाकिटं बाहेर आली ती तोंड चिकटूनच. आतला गोंद वितळला होता. वस्तादांनी एक पाकीट सेठच्या हातात दिलं. "बंद पाकीट लग्नवाल्याले देलं त तो पत्रिका टाकन कुठून?"

दुसऱ्या दुकानातली मशीन शाई फवारणारी होती. तापत नव्हती, वेग चांगला होता, पाकिटं सरळ जात होती. मला ती आवडली. वस्तादांनी छापलेलं पाकीट घेतलं, पिण्याच्या ग्लासात बोट बुडवलं आणि पत्त्यावर ठेवलं. निळा रंग धाग्यांसारखा पसरला. दुकानदार म्हणाला की वाळल्यावर असं होत नाही. वस्ताद तिथे स्टुलावर बसून राहिले. अर्ध्या तासानं दुसऱ्या पाकिटावर बोट ठेवलं. तसंच झालं.

"पोस्टमन काय छत्री धरून पाकीट वाटते?" ते म्हणाले.

परतताना सेठ गाडीत पुढे बसले होते. मौद्याच्या आसपास त्यांनी मागे न बघता म्हटलं, "वस्ताद, खरं सांगू का? तुमाले कोणतीच मशीन पसंत नाही येणार."

ते काय म्हणत होते ते आम्हा तिघांनाही कळत होतं. नवी मशीन आली की मागच्या खोलीत कोण उभं राहणार, हा प्रश्न होता. मीही दिवसभर तेच मनात धरून होते, आणि दुसरी मशीन नाकारली गेली तेव्हा मला रागही आला होता. काम आलं नाही तर माझीही नोकरी राहणार नव्हती.

वस्ताद खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अजून एक दुकान राह्यलं ना? ते पाहू."

ते आम्ही पुढच्या आठवड्यात पाहिलं. तिथली मशीन दिसायला साधी होती आणि वेगानं मधली. पण पाकीट एका बाजूनं आत जाऊन सरळ दुसऱ्या बाजूनं निघत होतं, कुठे वळत नव्हतं. पिशवीतली सगळी पाकिटं गेली. कापडाचं एक अडकलं. दाबाचा खटका फिरवल्यावर तेही गेलं. खिडकी जशीच्या तशी राहिली. पाण्याचं बोट ठेवलं, शाई हलली नाही. मग वस्तादांनी मला पुढे केलं. "तू चालव."

ते स्वतः हात मागे बांधून उभे राहिले. पंधरा मिनिटांत मला येऊ लागलं. मी पाकिटं लावत होते, कॉम्प्युटरवर नाव बदलत होते, पाकिटं निघत होती. तेवढ्यात त्यांनी दुकानदाराला विचारलं, "हिले मशीनमन लागते का जी?"

"अजिबात नाही, काका," तो आनंदानं म्हणाला. "हे मॅडमच सगळं करतील. एकाच माणसाचं काम आहे."

मी पाकिटांकडेच बघत राहिले. सेठ माझ्याकडे आणि मग वस्तादांकडे बघत होते.

"मग, वस्ताद?"

"हेच घ्या."

"नक्की?"

"पाकीट वाकत नाही, चिकटत नाही, शाई पसरत नाही. अजून काय पाह्याचं?"

शहापूरला मी उतरले. दार लावत होते तर वस्तादांनी काच खाली केली. "उद्या जरा लवकर ये, पोरी. पाकिटाले हवा कशी द्याची ते दाखवतो. नाही त दोन-दोन जातीन."

महिनाभर ते दाखवत होते. गठ्ठा कसा धरायचा, कडा कशा सोडवायच्या, पाकिटाचं तोंड कोणत्या बाजूला ठेवायचं. नव्या मशीनला त्यांनी स्वतः हात लावला नाही. ऑफसेट भंगारात गेली. भंगारवाल्याची माणसं घण घेऊन आली होती, तर वस्ताद म्हणाले, "थांबा, मी खोलून देतो." दोन दिवस बसून त्यांनी एकेक नट सोडवला आणि सगळे सुटे भाग ओळीनं मांडले. भंगारवाल्याला त्याचं काही नव्हतं. त्यानं सगळं एकाच ढिगात टाकलं.

सेठनं त्यांना कागद कापायच्या कामावर ठेवलं, पण तिथे आधीच एकजण होता आणि दोघांपुरतं काम नव्हतं. एका शनिवारी वस्तादांनी मागच्या दाराची किल्ली सेठच्या टेबलावर ठेवली. सेठनं थांबा म्हटलं, शाल मागवली, नारळ दिला. वस्तादांनी दोन्ही पिशवीत टाकलं, मला "येतो" म्हणाले आणि सायकल काढली.

भाद्रपदात नवी मशीन अडू लागली. दर दहा पाकिटांमागे एक कोपरा वळायचा आणि आत फसायचा. कंपनीचा माणूस चार दिवसांनी येतो म्हणाला. एका शाळेची पाचशे पाकिटं द्यायची होती. सेठ म्हणाले, "वस्तादले विचारून ये." त्यांनी फोन केला नाही, स्वतःही गेले नाहीत.

रविवारी मी वरठीला गेले. स्टेशनमागच्या वस्तीत त्यांचं घर होतं. अंगणात ते बाजेला दोरी भरत होते. मी नेलेलं पाकीट त्यांनी हातात घेतलं, वळलेला कोपरा दोन बोटांत धरला.

"गठ्ठे कुठं ठेवले?"

"मागच्या खोलीत. ऑफसेट होती तिथं."

"भिंतीले लागून?"

"हो."

"त्या भिंतीले ओल येते. माही मशीन हातभर पुढं होती, म्हणून तुमाले माहीत नाही. फळ्या टाक अन् गठ्ठे मधात घे."

त्यांच्या बायकोनं चहा आणला. चहा पिऊन झाला तरी मी उठले नाही. शेवटी विचारलं, "काकाजी, ती मशीन घ्या असं तुम्ही काहून म्हटलं? कोणतीच जमत नाही म्हटलं असतं, तर सेठनं अजून दोन वर्षं ओढलं असतं."

त्यांनी दोरीला गाठ मारली, ओढून पाहिली.

"सेठनं मले इचारलं, मशीन कोणती चांगली हाये. जे चांगली होती ते सांगतली." मग पुढची दोरी ओवत म्हणाले, "तुह्यं काय होईन वस्ताद, हे इचारलं असतं त तेही सांगतलं असतं. ते कोणी इचारलंच नाही."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पाकिटाचा जोड कच्चा आहे हे सांगतानाही ते असंच बोलत. मीही विचारलं नव्हतं. तसं म्हणायला तोंड उघडलं, पण ते म्हणाले, "साडेचारची बस हाये, नीघ," आणि फाटकापर्यंत सोडायला आले. त्यानंतर आमची भेट झाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते वारल्याचं कळलं, तेही तेरवी होऊन गेल्यावर.

वरठीहून आल्यावर सोमवारी मी फळ्या टाकून गठ्ठे खोलीच्या मध्यावर घेतले. दोन दिवस पंखा लावून ठेवला. बुधवारी पाचशेच्या पाचशे पाकिटं एकही न अडकता निघाली. सेठ मागे येऊन उभे राहिले.

"काय म्हणाले वस्ताद?" त्यांनी विचारलं.

"भिंतीला ओल आहे म्हणाले," मी सांगितलं.