तबकडीतला ‘स’

भित्र्या माणसाकडे किस्से फार साठतात. धीट माणूस पुढे निघून जातो, भित्रा दारातच थबकतो आणि तिथून सगळं बघतो. मुळशीच्या धरणावर मी दवाखान्यात कंपाउंडर होतो. लोक मला ‘डागदर’ म्हणायचे आणि मी तेवढ्यानेही घाबरायचो! धरण संपलं, माणसं पांगली, पण किस्से माझ्याकडेच राहिले. त्यातले बहुतेक आमच्या गाण्याच्या मंडळातले. मंडळ म्हणजे काय, संध्याकाळी ओव्हरसियर अण्णांच्या ओसरीवर जमणारी चार टाळकी!

*

अण्णा पुण्याचे. धरणाच्या कामावर आले ते ग्रामोफोन घेऊन. पहिल्याच दिवशी त्यांनी तो ओसरीवर मांडला. नीट टेबल नव्हतं, म्हणून मोजणीच्या दुर्बिणीची तीन पायांची तिकाटणी घेतली, वर फळी टाकली आणि त्यावर मशीन ठेवलं.

मंडळाचे दुसरे सभासद ज्ञानूबा पाटील. खोऱ्यात चांगली भातखाचरं होती त्यांची. ती सगळी धरणात जाणार होती. अण्णांवर त्यांचा राग नव्हता, पण विश्वासही नव्हता. गाणं ऐकायला म्हणून आले आणि पायरीवरच थांबले. पुढे यायलाच तयार नाहीत!

“अहो पाटील, या की! भूत नाहीये त्यात.” अण्णा हसले.

“भुताचं काय न्हाई सायेब,” ज्ञानूबा तिकाटणीकडे बघत म्हणाले, “मागच्या बारीला असंच तीन पायांवर काय तरी ठिवलं हुतं, अन् आमची जमीन गेली. आदी सांगा, हे काय मोजतंय?”

अण्णांनी मुकाट्याने मशीन खाली उतरवून जमिनीवर ठेवलं. मग ज्ञानूबा आले. पण कर्ण्याच्या समोर मात्र ते कधीच बसले नाहीत, नेहमी बाजूला.

*

मंडळाची तिसरी सभासद कोंडाई. ती काही गाणं ऐकायला यायची नाही, वसाहतीवर दूध घालायला यायची. एकटी बाई. एकुलती एक लेक हौसा लग्न करून मुंबईला गेली होती. जावई गिरणीत. मानमोडीच्या तापाच्या साथीत जावई गेला आणि त्यानंतर हौसाचा पत्ता नाही. कुणी म्हणे तीही साथीत गेली, कुणी म्हणे गाणाऱ्या बायकांत राहते. कोंडाई कुणालाच उत्तर द्यायची नाही.

त्या काळच्या रेकॉर्डची एक गंमत होती. गाणं संपलं की गाणारी बाई मोठ्याने स्वतःचं नाव ओरडायची! तबकड्या साहेबाच्या देशात बनायच्या. तिथल्या लोकांना काय कळतंय, कुठलं गाणं कुणाचं? म्हणून नाव गाण्यातच घालून पाठवायचे.

अण्णा पुण्याहून एक नवी रेकॉर्ड घेऊन आले. ‘सांज सरली, सखे, सासरहून येते.’ बाई गात होती. कोंडाई दाराशी माप धरून दूध ओतत होती. गाणं संपलं आणि कर्ण्यातून खणखणीत आवाज आला, “हौसाबाई मुळशीकरीण!”

“व्हय गं!” कोंडाई म्हणाली. “हितं हाय मी!”

दूध मापातून ओसंडून पायरीवर चाललं होतं. मी तर खांबाआड सरकलो. कोंडाईने कर्ण्याच्या आत डोकावून बघितलं, मग अण्णांकडे बघितलं आणि विचारलं, “आता का गप बसली?”

*

ती रेकॉर्ड कानाला बरी नव्हती, हे खरं सांगायला हवं. बाईला एका मोठ्या भोंग्यासमोर उभं करून ओरडून गायला लावायचे. आवाजातलं जाडंभरडं तेवढं उतरायचं, बारीक सगळं गळून जायचं. त्यात ‘स’ तर औषधालाही नाही! ‘सांज सरली, सखे, सासरहून’ हे आम्हाला ‘आंज अरली, अखे, आअरहून’ असंच ऐकू यायचं.

ज्ञानूबांनी पहिल्यांदा ऐकून निकाल दिला होता, “बाई कानडी हाय.”

मध्येच एका ठिकाणी तबलजी खोकायचा. तो खोकला मात्र स्वच्छ! अण्णा चिडायचे, “गाणं पुसट आणि खोकला ठळक! हा काय न्याय?”

सुधारणा म्हणून अण्णांनी पोलादी सुई काढून करवंदीचा काटा लावला. आवाज मऊ झाला, खरखर कमी झाली. आता कोंडाई रोज बसायची, पदर डोक्यावर ओढून, अगदी कर्ण्यापुढे. काटा का लावला, असं तिने विचारलं. अण्णांनी सरळ मनाने सांगून टाकलं, “सुईनं रेकॉर्ड झिजते, कोंडाई. दर वेळी वाजवली की थोडं थोडं गाणं जातं.”

झालं! कोंडाई ताडकन उठली, रेकॉर्ड उचलली आणि पदराखाली धरली.

“मंग इतके दिस तिला घासत हुता व्हय? ठिवा ती काट्याची भानगड! झिजवू नगा माज्या पोरीला!”

पंधरवडाभर आमचं मंडळ नुसतंच बसलं. ज्ञानूबा म्हणाले, “लई चांगलं चाललंय. खोकला बी न्हाई.”

*

धरणाचं पाणी चढत होतं. खालच्या आळीची माणसं छपराची कौलं, वासे, चौकटी काढून वर टेकाडावर गेली. कोंडाईचं घर पार खाली, ओढ्याच्या अंगाला. ती हलेना. ज्ञानूबा सांगून थकले, अण्णा सांगून थकले.

“हौसा आली तर कुटं जाईल?” एवढंच ती म्हणायची. “तिला हेच घर ठावं हाय.”

मला त्या बाईची भीती वाटायला लागली होती. पाणी रोज थोडं वर येत होतं आणि ती रोज अंगण सारवत होती.

एकदा तिने रेकॉर्ड पुन्हा वाजवू दिली. नेमका तेव्हाच खाणीवर सुरुंग उडाला. ओसरी हादरली, काटा उडाला आणि एका रेघेत अडकून बसला. “येते. येते. येते. येते.”

अण्णा धावले, पण कोंडाईने त्यांचा हात धरला. ती ऐकत राहिली. “येते. येते.” अंगावर काटा आला हो माझ्या! शेवटी चावी उतरली, आवाज जड होत होत पुरुषासारखा झाला आणि थांबला.

कोंडाई उठली. “जाते मी,” म्हणाली, “चूल पेटवायची हाय. लांबून यायाची हाय ती.”

ज्ञानूबा माझ्या कानात म्हणाले, “डागदर, हिच्यावर काय औशीद हाय का तुमच्याकडं?” माझ्याकडे क्विनाईन होतं. थोडं मीच घेतलं!

*

मग लाल कागदाची रेकॉर्ड आली. तेच गाणं, तीच हौसा. ‘नवीन, अधिक सुस्पष्ट’ असं कागदावर छापलेलं. अण्णा खूश. दोन्ही रेकॉर्ड ओळीने लावून बघायचं ठरलं. आधी जुनी, मग नवी.

नवी थोडी मोठ्याने वाजली, बस्स. ‘आंज अरली’ तसंच! आणि बरोबर त्याच जागी तबलजी खोकला.

“ह्यो अजून बरा झाला न्हाई?” ज्ञानूबा म्हणाले.

मी इतका हसलो की ठसका लागला. कंपनीने जुनंच गाणं नवा कागद लावून विकलं होतं. पण मग गाणं संपलं आणि माझं हसणं जागच्या जागी थांबलं. नाव आलंच नाही. जिथे हौसा ओरडायची तिथे नुसती खरखर, कुणीतरी मुद्दाम खरवडून काढल्यासारखी.

कोंडाई पांढरी पडली. “नाव खोडलं तिचं.”

“अहो, आता पद्धत बदलली आहे,” अण्णा सांगायला लागले. “आता कागदावर नाव छापतात, ओरडायची गरज नाही...”

“तलाठी बी मेलेल्याचंच नाव खोडतो,” कोंडाई म्हणाली.

तेव्हा ज्ञानूबा बोलले, आणि त्या माणसाबद्दल माझ्या मनात जी माया आहे ती त्या वाक्यामुळे आहे.

“खुळी हाय का कोंडे तू? माजं नाव बी खोडलंय की सरकारनं दप्तरातनं. हितं बसलोय न्हवं मी? बिड्या वडतोय न्हवं?”

कोंडाईने तोंडाला पदर लावला. हसली की रडली, मला अजून सांगता येणार नाही.

*

पाणी ओढा भरून तिच्या गोठ्याला लागलं, तेव्हा बातमी आली. आता बिजलीवर गाणी उतरवायला लागले आहेत! भोंगा नाही, ओरडणं नाही. बाई हळू गायली तरी श्वाससुद्धा ऐकू येतो. आणि हौसाचं तेच गाणं त्या पद्धतीने निघालंय. अण्णांनी ऑर्डर पाठवली.

ज्ञानूबांना बिजली म्हटल्यावर संशय आला. “कुटनं येती ही बिजली?”

“म्हणजे काय! आपल्याच धरणाच्या पाण्यावर होते आणि मुंबईला जाते.”

“म्हंजी आमची खाचरं बी हायेत त्या गान्यात,” ज्ञानूबा म्हणाले. “बघा मंग, चिखल निगंल.”

कोंडाईने त्या दिवशी आपलं बोलून टाकलं. “ह्या नव्या थाळीत बी त्योच खोकला असंल, तर माजी हौसा न्हाई असं समजंन. मंग तुमी म्हनाल तितं येते. अन् खोकला नसंल तर ती जिती हाय. मंग मी घर सोडनार न्हाई. पानी येऊ द्या न्हाई तर काय बी येऊ द्या.”

आता सांगा, आम्ही काय मागावं देवाकडे? लेक जिवंत निघाली तर आई बुडणार! अण्णा रात्रीचे जेवेनासे झाले. मी तर मनात तो मेला खोकला यावा म्हणून प्रार्थना करत होतो, आणि करताना स्वतःचीच शिसारी येत होती.

रेकॉर्ड आली त्या दिवशी ऊन होतं. ओसरीवरून खाली पाणी दिसत होतं आणि पाण्याच्या कडेला कोंडाईचं घर. अण्णांनी सुई लावायचं काम माझ्यावर ढकललं. मी ते ज्ञानूबांवर ढकललं! शेवटी ज्ञानूबांनी लावली.

“सांज सरली...”

अण्णा उडालेच. “स! ऐकलंत का? स आला!” खरोखर, इतके दिवस आम्ही जे मनाने भरून घेत होतो ते कानाला ऐकू येत होतं. सांज, सखे, सासर. प्रत्येक ‘स’च्या मागे बारीकशी शीळ वाजल्यासारखं होत होतं. अण्णा म्हणाले, ही बिजलीची करामत. जवळ बसून गायल्यासारखी गात होती बाई.

खोकल्याची जागा आली. मी डोळे मिटून घेतले.

खोकला नव्हता. तबलाही दुसराच कुणी वाजवत होता.

गाणं संपलं. ज्ञानूबांनी खाली पाण्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

“पुन्यांदा लावा,” कोंडाई म्हणाली.

पुन्हा लावली. तिने कान कर्ण्यात घातला होता. गाण्याबरोबर तिचेही ओठ हलत होते. ती स्वतःशीच ‘सांज’ म्हणून बघत होती, जीभ दातांना लावून. मग तिने एक बोट वरच्या ओठाखाली घातलं आणि ते तसंच ठेवून पुन्हा ‘सांज’ म्हणाली. तिच्या तोंडूनही शीळ निघाली.

“बिजली न्हाई ही,” ती म्हणाली. “फुडचा दात न्हाई तिला.”

“वयानं पडला असंल, कोंडे,” ज्ञानूबा चाचरत म्हणाले.

“माजे अजून हायेत.”

अण्णांना राहवेना. “पण कोंडाई, खोकला नाही! गाणं नवं आहे! तुमची हौसा जिवंत आहे! आता कशाला भ्यायचं?”

कोंडाई उठली. तिने पदर खोचला. घराकडे एकदासुद्धा बघितलं नाही.

“आतापतुर भ्या न्हवतं, सायेब. मेलेल्या लेकीचा दात कोन पाडतंय? मुंबईची वाट दावा मला.”