मालतीची मराठी

वाई सोडली त्या दिवशी आई उंबऱ्यापर्यंतच आली. विधवा मुलगी नोकरीसाठी परमुलखात निघाली हे आळीनं पाहू नये म्हणून, दादा, तू पहाटेच बैलगाडी सांगितली होतीस. वहिनी आत दशम्या बांधत होत्या. ग्वाल्हेरच्या मुलींच्या शाळेत मला मराठी शिकवायची होती. आईनं ग्वाल्हेर कधी ऐकलंही नव्हतं. "एवढ्या लांब मराठी पोचते होय गं?" तिनं विचारलं, आणि मी पोचते म्हटल्यावर म्हणाली, "मग बरं. बोलायला तरी कुणी मिळेल."

तुम्ही दोघं मला दर खेपेला विचारता, आता परत का येत नाहीस. आज सांगते.

स्टेशनाबाहेर पडावाजवळ टांगा करून मी लष्कर नावाच्या वस्तीत आले. शहराच्या या भागात सगळी दक्षिणी, म्हणजे आपली मराठी कुटुंबं. जिच्या घरात खोली घेतली होती, ती बाई दारातच म्हणाली, "बाई, तुम्ही कुठून येऊन राहिल्या?" मला शब्द सगळे कळले, वाक्य कळलं नाही. माणसं आपली होती, देव आपले, पुरणपोळीही आपली. पण बोलणं हिंदीच्या अंगानं चालायचं. शाळेत मला बजावलं होतं, मुलींना शुद्ध दक्षिणी मराठी शिकवा. मी मन लावून शिकवू लागले.

दुसऱ्या वर्षी इंदरगंजातल्या एका सरदारघराण्यातून बोलावणं आलं. घरच्या कर्त्या बाईंना सगळे आईसाहेब म्हणत. त्यांचा मुलगा मुरारच्या छावणीत अधिकारी होता. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. सून बुंदेलखंडातल्या एका खेड्यातून आणलेली, मराठ्याचीच. तिचे पूर्वज फौजेबरोबर उत्तरेत आले, जमीन मिळाली, तिथेच राहिले. कुलदैवत टिकलं, नेसणं टिकलं, भाषा गेली. मुलीला मराठीचा एक शब्द येत नव्हता.

"रक्त मराठ्याचं आणि जबान बुंदेलखंडाची," आईसाहेब म्हणाल्या. "आमच्या घरात खालिस मराठी चालते. गौरींपर्यंत हिला बोलती करा. चार बायकांत माझी बेइज्जती झाली, तर हिला माहेरी पाठवीन, मग परत आणणार नाही."

स्वतःच्या तोंडातले जबान, खालिस हे उर्दू शब्द त्यांना ऐकू येत नव्हते.

मुलगी खाली बघून उभी होती. माहेरचं नाव फूलमती, इथे मालती केलेलं. सोबत आलेली दाई दुसऱ्याच दिवशी परत धाडली होती, घरात तिची बोली नको म्हणून. मी विचारलं, "तुला मालती म्हणू ना?" तिनं मान हलवली आणि म्हणाली, "हओ."

"हओ नाही. हो," आईसाहेब म्हणाल्या.

आमची शिकवणी तिथूनच सुरू झाली. तिच्या हओमधला तो मधला श्वास काढायचा, की मराठी हो उरतो. तो काढायला तिला फार दिवस लागले. पुस्तकातले धडे तर चालेचनात. त्यात समुद्र होता, घाट होता, आगबोट होती. तिनं यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. ती अक्षरं वाचायची आणि दगडासारखी बसायची.

शेवटी मी पुस्तक मिटलं. घरात बोलतात ते तरी हिला येऊ दे, म्हणून जे तोंडात आलं ते शिकवू लागले. तोंडात आलं ते आईचं बोलणं. "आलीस का गं? हातपाय धू. घोटभर पाणी पी आधी." "किती वाळलीस ही!" "बस जरा, काही पेटलं नाहीये."

मालतीनं ती वाक्यं उचलली, आणि नुसती वाक्यं नाहीत. "आलीस का गं"मधला तो शेवटचा हेलसुद्धा. आई वाईला धडधाकट होती, आणि तिचा सूर इथे एका परक्या पोरीच्या गळ्यातून निघत होता.

गौरींच्या हळदीकुंकवाला मालती प्रत्येकीशी बोलली. बायका म्हणाल्या, काय गोड बोलते, थेट पुण्यासाताऱ्याकडची वाटते. आईसाहेबांनी तिला सोन्याच्या पाटल्या घातल्या. तिचं माहेरी परत जाणं टळलं.

पण नंतरच्या एका दुपारी ती मला म्हणाली, "बाई, मला राग आला तर कुणाच्या भाषेत रागावू? तुम्ही रागाचं शिकवलंच नाहीत." आणि थोड्या वेळानं, "स्वप्नात आई येते. समोर बसते, तोंड हलतं. ऐकू काही येत नाही."

त्याच हिवाळ्यात आईच्या आजाराची तार आली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. वहिनी, तेराव्यानंतर तुम्ही सहज म्हणालात, "वन्सं, तुम्ही किती वेगळ्या बोलता हो आता. पाहुण्या आल्यासारखं वाटतं." मी बोलून राहिले होते, करून राहिले होते, आणि मला कळलंही नव्हतं. ज्या घरात बोलायला शिकले, तिथे मी जपून, मनात वाक्य जुळवून बोलू लागले.

लष्करात परतल्यावर शिकवणीला गेले. मालतीनं दार उघडलं. तिला माझं दुःख कळलेलं होतं. सांत्वनाचे शब्द मी तिला शिकवले नव्हते. मग जे येत होतं तेच बोलली. "आलीस का गं? हातपाय धू. घोटभर पाणी पी आधी."

ती मला एरवी अहोजाहो करी. त्या दिवशी शब्द जसे शिकवले होते तसेच आले. मी तिथेच पायरीवर बसले आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा मोकळी रडले.

पुढे मालतीला मुलगी झाली. सून पुन्हा तिकडचं बोलू लागेल म्हणून बाळंतपणालाही तिला माहेरी पाठवलं नव्हतं. बाळ पाहायला तिची आई आली. आईसाहेबांनी मलाही बोलावून घेतलं, दुभाषी म्हणून. लेक आणि आई यांच्यामध्ये!

आईसाहेबांसमोर मालती मराठीतच विचारी, प्रवास कसा झाला. मी ते हिंदीत सांगे. म्हातारी माझ्याकडे बघतच नव्हती. आईसाहेब आत गेल्या, तशी ती लेकीजवळ सरकली. "काए बिन्नू, मोसें काए नईं बोल रईं?" का गं पोरी, माझ्याशी का बोलत नाहीस?

मालतीचे ओठ हलले. आवाज फुटला नाही. ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "बाई, मला बोलायचंय. पण जे येतंय ते तुमच्या आवाजात येतंय."

म्हातारीनं पदर तोंडाशी धरला. मी उठले आणि आत आईसाहेबांकडे गेले. म्हटलं, "शाळेत बुंदेलखंडाकडच्या मुली येतात. मला त्यांची बोली शिकायची आहे. विहीणबाई आहेत तोवर मला शिकवू देत. मालती मदत करील."

आईसाहेबांना माझा बहाणा कळला होता. "तुमची मर्जी," त्या म्हणाल्या. "बाळाच्या कानावर मात्र नको."

"बाळ तर मांडीवरच असणार," मी म्हटलं.

मग रोज शाळा सुटल्यावर मी विद्यार्थिनी होऊन बसू लागले. म्हातारी वस्तू दाखवी, नाव सांगे, मी चुकीचं म्हणे. पहिले काही दिवस मालती गप्प होती. एकदा मी काहीतरी फारच भलतं बोलले आणि तिला हसू आवरलं नाही. तिनं मला दुरुस्त केलं, तिच्या स्वतःच्या बोलीत. म्हातारी हातातलं काम टाकून ऐकत राहिली. विहीणबाई निघायच्या आधी तर बाळाच्या तेलमालिशीवरून मायलेकी कडाकडा भांडल्या, बुंदेलीत. आईसाहेब दारापर्यंत आल्या, ऐकलं, आणि मागे फिरल्या.

पण जाताना म्हातारी मला हळूच म्हणाली, पोरगी बोलू लागली खरी, बोल माझे आहेत, आवाजात मात्र कुणी दुसरीच बाई बसली आहे. ती बाई कोण, ते मी तिला सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात म्हातारी गेली. पुन्हा येणं झालं नाही.

आता मालतीची मुलगी बोलू लागली आहे. रडते आईच्या बुंदेलीत, हट्ट आजीच्या मराठीत करते. मी मुलींना अजून शिकवते. पण कुणी "येऊन राहिली" म्हणाली की आधी विचारते, घरी कोण असं बोलतं? मुली सांगू लागतात, आणि मग धडा आपोआप पुढे सरकतो.

दादा, वहिनी, तुम्ही म्हणता, घर आहे, खोली रिकामी आहे, ये. मी येऊन जाईन. पण आई तिथे कुणाच्याच तोंडात उरलेली नाही, माझ्याही नाही. इंदरगंजात जिना चढताना वरून मालती पोरीला आईच्या त्या हेलात हाक मारते, आणि मी अर्ध्यावर थांबते. ती हाक संपेपर्यंत मी घरी असते.