जंपोरच्या समुद्रात एकटीच फिरणारी जेट स्की

"दमण?" शेजारच्या कोकिलाबेन हसल्या. "जाओ जाओ, मजा करो!"

दारूबंदीच्या गुजरातमधली माणसं दमणला कशासाठी जातात हे निजामपुऱ्यात कुणाला सांगावं लागत नाही. आम्ही थेंबभरही न पिता फक्त माझा जीव टांगणीला लावायला निघालोय, हे मी त्यांना कसं पटवणार? टेम्पोत ताडपत्रीखाली जेट स्की होती, पाण्यावर पळणारी स्कूटरच म्हणा.

ही ब्याद घरात कशी आली ते सांगते. नवरा सतीश नंदेसरीला एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. जुन्या जहाजांचं सामान विकतात त्या अलंगच्या दुकानांतून आमच्याकडे फ्रिज आला, ताटं आली, एक गोल आरसाही आला. तिथेच त्याला ही दिसली. बसायची नव्हे, उभं राहून चालवायची, एकट्या माणसाची. इंजिन जाम झालेलं. दुसरा कुणी ते नुसतं दुरुस्त करून गप्प बसला असता. सतीशने सायबर कॅफेतून प्रिंटआउटचा गठ्ठा आणला आणि जाहीर केलं की सिलिंडर मोठा करायचा. म्हणजे आतून जास्त कापायचा, मोठे पिस्टन बसवायचे, की ताकद वाढते. अमेरिकेहून तयार किट मागवायचं तर त्यात नवी स्कूटर येईल. म्हणून मकरपुऱ्यात मनसुखभाईंच्या लेथवर काम झालं आणि पिस्टन राजकोटहून बनवून आणले. सगळा खर्च मला हव्या असलेल्या सोफ्याएवढा झाला. सोफा अर्थातच आला नाही.

आमच्या विश्वामित्री नदीत मगरी, त्यामुळे पहिली चाचणी एका ओळखीच्यांच्या शेतातल्या हौदात झाली. मोठे पिस्टन बसवल्यावर वेगाची मूठ सोडली की इंजिन बंद पडायचं. "धीमुं राखुं तो बंध पडी जाय छे," म्हणत मनसुखभाईंनी एक स्क्रू पिळला. मग इंजिन मंद गतीलाही पूर्वीपेक्षा जोरात चालू लागलं आणि बंद पडेना. सगळे खूश झाले. असलं काम करून घ्यायचा कुणाचा विचार असेल, तर हा स्क्रू लक्षात ठेवा.

पहाटे निघालो. टेम्पो मनसुखभाईंचाच, मी मध्ये, सतीश खिडकीशी. भरूचला नर्मदेच्या पुलावर ट्रक अडकलेले, त्यात सकाळ गेली. सुरतेला लोचो खाल्ला. चांगला होता म्हणतात. मला चव कळली नाही. वापीहून उजवीकडे वळलं की दमण जवळच. मोटी दमणच्या पुढे जंपोरचा किनारा आहे: सुरूची झाडं, शहाळीवाले, मऊ वाळू. कुटुंबाला घेऊन जायला छान जागा. मात्र भरतीचं वेळापत्रक विचारून जा. आमचा बेत भरतीचा होता, म्हणजे पडलं तरी पाणी किनाऱ्याकडे ढकलतं. पुलाने तो हुकवला. पोचलो तेव्हा पाणी मागे सरायला लागलं होतं.

"उद्या करू," मी म्हटलं.

"टेम्पो आज परत न्यायचाय त्यांना. आलोच आहोत तर एक चक्कर," सतीश म्हणाला. माझा चेहरा पाहून त्याने समजावलं, "अगं, मी पडलो तर ही आपोआप हळूहळू गोल फिरते आणि माझ्याकडेच परत येते. पाळलेल्या कुत्र्यासारखी. आणि आवाज चालू आहे तोवर अजिबात घाबरू नकोस. आवाज थांबला, तर घाबर."

मी कानात प्राण आणून उभी राहिले. तो आधी गुडघ्यांवर, मग उभा, मग पाण्यावरून असा गेला की शहाळीवाल्याचा कोयता हातातच राहिला. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही अभिमान वाटला. तो पार लांब गेला. आवाज येत होता, एकसारखा, छान. मी तो ऐकत समाधानात होते, आणि मग डोळे बारीक करून पाहिलं तर तिच्यावर माणूस नव्हता.

जेट स्की एकटीच गोल फिरत होती. लांब, भलतीच लांब चक्कर घेत. नारिंगी जॅकेटचा ठिपका तिच्याकडे हात मारत होता आणि ती त्याच्याजवळ यायच्या आधीच पुढे निघून जात होती.

"स्क्रू!" मनसुखभाई किंचाळले. "बेन, बहु फास्ट राख्युं में!" आणि ते कोळ्यांच्या होड्यांकडे धावले. होड्या चिखलात बसलेल्या होत्या.

मला पोहता येत नाही. मी समुद्रात घोट्यापलीकडे कधी गेले नव्हते. पण जेट स्कीची चक्कर किनाऱ्याच्या बाजूला बरीच आत येत होती, एवढं दिसत होतं. मी चालत सुटले. पाणी गुडघ्याला, मांडीला, कमरेला. ओढणी पायात अडकली, ती सोडून दिली. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा ती घरघरत माझ्यावरच आली. मी बाजूला सरले आणि ती पुढे जाताना पोटाने तिच्यावर पडले. तोंडात खारट पाणी गेलं. हौदापाशी पाहिलेलं, इंजिन बंद करायचं लाल बटण हाताला लागलं, ते दाबलं.

आवाज थांबला. तेव्हा सतीश खूपच लांब दिसला.

तो माझ्याकडे पोहत होता आणि ओहोटी त्याला तिथल्या तिथे ठेवत होती. ओहोटी मलाही ओढत होती. माझे अंगठे अजून वाळूला लागत होते. म्हणजे जेट स्की सोडून मी परत जाऊ शकले असते. मी हिला घट्ट धरलं आणि पाय उचलले.

पाणी आम्हाला दोघींना त्याच्याकडे घेऊन गेलं. मला गणपतीचं नावसुद्धा आठवेना. त्याने कड पकडली तेव्हा त्याचे ओठ पांढरे होते. "तुला... पोहता येत नाही," एवढंच तो म्हणाला. मग वर चढून त्याने इंजिन चालू केलं आणि मला लोंबकळत ठेवून हळूहळू किनाऱ्याला आणलं. वाळूवर मी त्याला दोन चापट्या मारल्या आणि रडले.

परतताना हद्दीवर पोलिसाने ताडपत्री उचलली, पेट्रोलच्या डब्यात नाक घातलं, टाकीतही घातलं. "दमण जईने खाली हाथे आव्या?" त्याचा विश्वासच बसेना.

आता तो स्क्रू मागे फिरवलाय, कार्बोरेटर नीट जुळवलाय आणि लाल बटणाला मनगटाची दोरी लावलीय; माणूस पडला की इंजिन बंद. करणार असाल तर दोरी आधी लावा, ताकद मग. सतीशला पुन्हा जायचंय, भरतीला. मी नाही म्हटलेलं नाही. भीती गेली म्हणून नव्हे. भीती आहेच. बाहेर कुणाची स्कूटर नुसती घरघरत उभी राहिली, की मी हातातलं काम टाकून खिडकीशी जाते आणि तिच्यावर माणूस आहे ना, ते बघते.